भाजी सोडून

विहिरीच्या ओट्यावर कोबीची बेचाळीस रोपं उपटून ठेवलेली होती. नुसती टाकलेली नव्हती. मुळांची माती झटकून, बुडखे एका बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला करून, गवताच्या पात्यांनी बांधलेल्या चार जुड्या, मन लावून केलेल्या कामाचा पुरावा मांडावा तशा मांडलेल्या होत्या. डोकं दुखतं म्हणून मधल्या सुटीत घरी आलेल्या इंदुताई मागच्या दारात थबकल्या, आणि उंबऱ्यावरचा पाय पुढे टाकावा की मागे घ्यावा हे त्यांना काही क्षण ठरवता आलं नाही. समोर, चांद्याच्या जुन्या परकोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेलं परस ओलं, काळं आणि अतिशय नीटनेटकं दिसत होतं. हरळीची काडी नव्हती, लव्हाळ्याची गाठ नव्हती. आणि जिथे सात-सातच्या सहा ओळींत शासनाचा कोबी होता तिथे तरोटा, घोळ, केना आणि कुंजर ही श्रावणातली सगळी बिनबोलावलेली मंडळी, भोवतालची माती भुसभुशीत करून मिळाल्यामुळे, नुकतीच न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी टवटवीत उभी होती.

सोमारी कडुलिंबाखाली पाय पसरून लोट्यातलं पाणी पीत होती. गडचिरोलीच्या पलीकडल्या एका गोंड खेड्यातून आलेली ही बाई गेली चार वर्षं मुलींच्या या शाळेचं आवार झाडत होती, पाणी भरत होती, आणि पावसाळ्यात शिक्षिकांच्या बिऱ्हाडांमागची परसं निंदत होती.

"झालं बाई," ती म्हणाली. "एक बी काडी नाई ठेवली."

"सोमारी, हे काय केलंस?"

"निंदलं ना. तुमीच तं सांगून गेल्या सकाळी."

"काय सांगितलं होतं मी?"

"भाजी सोडून बाकी सारं निंद म्हणे. सोडली ना भाजी! पाहा, घोळीचं एक पान नाई तुटलं." तिने ओट्याकडे हनुवटी उडवली. "हे मोठाल्या पानाचं तेवढं काढलं. ओळीनं उगवते हा कचरा, बाई. असा कचरा मी कुठी नाई पाह्यला."

"तो कोबी होता."

"कोण?"

"कोबी. भाजी आहे ती."

सोमारीने जुड्यांकडे पाहिलं. परक्या माणसाची नको असलेली ओळख करून दिली गेल्यावर जेवढं सौजन्य दाखवावं लागतं तेवढं तिच्या चेहऱ्यावर आलं. "खाते का हे कोणी?"

"साहेब लोक खातात."

"मंग त्याईच्या गाई वेगळ्या असतीन. मी चार पानं टाकली गाईपुढं. तिनं हुंगलं न् तोंड फिरवलं."

इंदुताईंना हसू आलं. ते असं आलं की त्यांना दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला; गेल्या कित्येक वर्षांत शाळेतल्या कोणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि सोमारीनेही पाहिलं नसल्यामुळे ती लोटा खाली ठेवून घाबरून उठली. मग ते हसू एकदम थांबलं. आज सोमवार होता. गुरुवारी साहेब येणार होते.

मागल्या नोव्हेंबरात चांदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. चांदा स्वतः जागचा हलला नव्हता, इरई नदीनेही वळण बदललं नव्हतं. राजधानी तेवढी नागपूरहून उठून मुंबईला गेली होती, आणि तिच्यामागोमाग फायलींची भाषा, शिक्क्यांचे आकार आणि साहेबांची आडनावं. शिक्षण खात्याच्या नव्या साहेबांनी येताना एक योजना आणली होती. तिचं नाव 'आदर्श गृहोद्यान.' परस या शब्दात काय उणं होतं हे इंदुताईंना पुस्तिका दोनदा वाचूनही उमगलं नाही. बाडी या शब्दात काय उणं आहे हे मात्र त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण तो त्यांच्या आईचा शब्द होता आणि नागपूरच्या कॉलेजातल्या पहिल्याच वर्षी, वर्गातल्या मुली हसल्यामुळे, त्यांनी तो कायमचा गिळून टाकला होता. पुस्तिकेत वाफ्यांची लांबी होती, दोन रोपांतलं अंतर होतं, पांढऱ्या खताचं प्रमाण होतं. ऋतू नव्हता. कोबी हिवाळ्यात लावतात, श्रावणातल्या पाण्यात तो कुजतो, असं त्यांनी आषाढातल्या पहिल्या भेटीत साहेबांना सांगून पाहिलं होतं. "आपली तिमाही सप्टेंबरात संपते," साहेब म्हणाले होते, आणि पावसालाही ते परिपत्रक एव्हाना पोहोचलं असेल अशा खात्रीने त्यांनी आभाळाकडे पाहिलं होतं. मग परसाच्या तोंडाशी हिरव्या रंगाची पाटी ठोकली गेली: 'आदर्श गृहोद्यान क्र. ७.' पांढरं खत वाफ्यांत टाकलं जात असताना सोमारी कडेला उभी होती. "मीठ काऊन टाकून राह्यले मातीत?" तिने विचारलं होतं. "माती नासन ना." साहेब दिलखुलास हसले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. आपण मागास मुलखात आलो आहोत एवढंच त्यांना कोणी तरी फार लवकर सांगून ठेवलं होतं. "तू इथं काय काम करतेस गं?" त्यांनी तिला विचारलं. "निंदतो साहेब," ती म्हणाली. "निंदा? कोणाची निंदा करतेस बाई?" साहेबांनी इंदुताईंकडे वळून, आपण दोघं सुशिक्षित आहोत अशा नजरेने पाहिलं. "आमच्याकडे खुरपतात." आणि इंदुताई हसल्या होत्या. आज, दाराच्या चौकटीला टेकून, त्यांना तो विनोद आठवला नाही. स्वतःचं ते हसणं आठवलं. ओठ किती ताणले होते, दात किती दिसले होते, सगळं.

हसण्याला कारण होतं. मुख्याध्यापिका आशाबाई दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, याचा निर्णय वरच्या कचेरीत व्हायचा होता, आणि तिथे शेरा लिहिणारा हात साहेबांचा होता. सदतिसाव्या वर्षी, संस्कृत आणि मराठी शिकवण्यात चौदा वर्षं घालवल्यावर, इंदुताईंना त्या खुर्चीची इच्छा होती, आणि ही इच्छा त्यांनी स्वतःपासून कधी लपवली नव्हती. त्या खुर्चीसाठी त्यांनी काय काय दिलं होतं ते समोर दिसत होतं, म्हणजे आता दिसत नव्हतं. कुंपणावरचा बरबटीच्या शेंगांचा वेल त्यांनी ऐन फुलोऱ्यात उतरवला होता. मोरीचं पाणी ज्या चरातून धोप्याच्या पानांना, पुस्तकात ज्यांना अळू म्हणतात त्यांना, जात असे तो चर बुजवला होता. कोपऱ्यातला खड्डा, ज्यात भाजीची देठं, चुलीची राख, शेण आणि झाडलेला पाला वर्षभर मुरून चैत्रात गूळ फुटावा तसा फुटत असे, तो 'आरोग्यास अपायकारक' म्हणून मातीने भरला होता. छपराला टांगलेल्या सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात, राखेत घोळून ठेवलेलं कोहळ्याचं, काटवलाचं, वालाचं बी त्यांनी या वर्षी खाली काढलंच नव्हतं. बी दर वर्षी पेरून परत तुंब्यात ठेवायचं असतं. एक वर्ष चुकलं तर अर्धं मरतं, दोन चुकली तर सगळं. हे त्यांना कोणत्या पुस्तिकेने शिकवलं नव्हतं.

सोमारी जुड्या पुन्हा हातात घेऊन, त्यात कुठे तरी भाजी दडलेली असेल या आशेने, उलटून पालटून पाहत होती. आणि इंदुताईंच्या डोक्यात सकाळचं आपलंच वाक्य फिरत होतं. भाजी सोडून बाकी सगळं निंद. ते त्यांचं नव्हतंच. चपला घालता घालता, घाईत, जिभेला सर्वांत जवळचं जे होतं ते त्या बोलल्या होत्या, आणि जवळ होती आई. चिमूरजवळच्या त्या खेड्यात, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, हातात छोटं खुरपं देऊन आई बाडीच्या एका टोकाला बसवायची आणि म्हणायची, "भाजी सोड, बाकीचं निंद." कोणती भाजी हे ती सांगत नसे. ते हातांना कळायचं असे. तरोट्याची पानं संध्याकाळी जोडीजोडीने मिटतात, घोळीचं देठ लालसर असतं आणि बोटांना गार लागतं, केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत विरघळून जातं. कोणी पेरलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं. तरी ते भाजी होतं, कारण ते खाल्लं जात होतं. पुढे संस्कृतात तरोट्याचं नाव चक्रमर्द आहे हे त्यांना कळलं, आणि तो शब्द लिहिताना त्यांना एका मोठ्या घराण्यात आपली सोयरीक निघाल्यासारखं वाटलं होतं. पण तोवर पान हातातून गेलेलं होतं. सोमारीने आज जे ऐकलं ते आईचं वाक्य होतं, आईच्या अर्थासकट. चूक कोणी केली असेल तर ते वाक्य उच्चारणाऱ्या विदुषीने, जिला त्यातला दोन अक्षरांचा एक शब्द कळत नव्हता.

मंगळवारी दुपारी आशाबाई आल्या. परस पाहून त्यांनी कपाळाला हात लावला नाही. त्या फार वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी ओट्यावरच्या जुड्या मोजल्या, एक पान चुरगळून पाहिलं आणि खाली बसल्या.

"मुळं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "पाण्यात ठेव. बुधवारी सांजेला परत खोच. गुरुवारपर्यंत उभी राहतात. साहेब काही उपटून बघत नाही."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मरू देत. शुक्रवारी कोण येते बघायला?" आशाबाईंनी पदराने मान पुसली. "पण ही गोष्ट पसरली आहे. शिपायाने कारकुनाला सांगितलं, कारकुनाने कचेरीत. तेव्हा कागद लागेल. त्या बाईने मुद्दाम उपटलं, तिला कामावरून कमी केलं, असा. अंगठा घे तिचा."

"तिने मुद्दाम नाही केलं. मी सांगितलं तेच केलं."

"इंदू, मुद्दाम कोण करते? पण कागदाला माणूस लागते. तू की ती, एवढंच ठरवायचं आहे."

"ती चार वर्षं आहे इथे."

"आणि तू चौदा. पांडित्य तुझ्याजवळ मोप आहे, बाई. अक्कल माझी वापर. ती रोजानं काम करते, कुठंही करील. तुझी खुर्ची एकच आहे."

आशाबाई गेल्यावर इंदुताई कागद घेऊन बसल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता, परकोटाच्या दगडांतून पाणी झिरपत होतं, आणि त्या वासाने पंधरा वर्षांपूर्वीचा एक श्रावण खोलीत येऊन बसला. सन बेचाळीस. ओट्यावरच्या रोपांची संख्याही तीच होती, आणि या क्षुल्लक योगायोगाचा त्यांना संताप आला. इतिहासाने इतकं स्वस्त व्हायला नको होतं. त्या वर्षी त्या घरी होत्या, परीक्षेची पुस्तकं घेऊन. चिमूरला इंग्रज सरकारविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर आसपासच्या गावांतून माणसं धरून नेली गेली, वडीलही गेले. बाजार भरेनासा झाला. दुकानाची दारं बंद, वाटांवर बूट. कोठीतलं धान्य शिपायांनी मातीत ओतून तुडवलं होतं. आई तीन दिवस मातीतले दाणे वेचत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन बाडीत गेली आणि तरोटा खुडून आली. श्रावण सरत आला होता, तरोटा निबर झाला होता. तो दोनदा उकडावा लागला, मीठ होतं, तेल नव्हतं. दुसऱ्या दिवशी घोळ. मग कुंजर. मग परकोटासारख्या वाढलेल्या कुंपणातले बांबूचे कोवळे कोंब. सात आठवडे. शेजारच्या बायका आल्या, त्यांच्या बाड्यांत असलेलं त्यांनी आणलं, नसलेलं नेलं. गावावर बसवलेला दंड कबूल आहे असं लिहून दिलं तर धान्य मिळेल, असा निरोप घेऊन एक माणूस आला होता. आई तेव्हा पान चघळत होती, नुसतं, कच्चं. त्याच्याकडे पाहत ती चघळतच राहिली. दाती तृण धरून शरण जाणाऱ्या राजांच्या गोष्टी इंदुताईंनी नंतर वर्गात अनेकदा शिकवल्या होत्या, तृणापासून तण हा शब्द कसा आला तेही फळ्यावर लिहून दाखवलं होतं. आईच्या दातांखालचं तृण त्या फळ्यावर त्यांनी कधी येऊ दिलं नव्हतं. आईने ते धरलं होतं शरण न जाण्यासाठी. आणि तिची मुलगी ते उपटून तिथे मीठ पेरत होती, तिमाहीच्या मुदतीत, एका शेऱ्यासाठी.

"सदर मजूर स्त्रीने हेतुपुरस्सर", त्यांनी लिहिलं, आणि पेन थांबलं. हेतुपुरस्सर. व्याकरणदृष्ट्या शब्द निर्दोष होता.

दारात सोमारी उभी होती. तिला कोणी तरी सांगितलं असावं. तिने उजव्या हाताचा अंगठा लुगड्याला पुसला आणि पुढे केला.

"कुठी देऊ बाई?"

"काय?"

"अंगठा. मोठ्या बाई म्हणे, इंदूबाईपाशी जा, अंगठा दे." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच असह्य होतं. "काय लिवलं त्यात?"

इंदुताईंना खोटं सांगता आलं असतं. त्यांच्याजवळ पुष्कळ शब्द होते. "लिहिलं आहे की तू मुद्दाम केलंस. आणि तुला कामावरून काढलं."

सोमारीने वाकून कागदाकडे पाहिलं, जणू तिला न येणारी अक्षरं नीट पाहिली तर बदलतील. मग म्हणाली, "मुद्दामच केलं ना बाई मी. चुकून कोणी निंदते का?"

त्या वाक्यावर इंदुताईंनी पेनाचं टोपण लावलं. कागदाच्या चार घड्या घातल्या. तो त्यांनी फाडला नाही. चुलीपाशी जाऊन आत सारला आणि वरून सकाळची राख ओढली. राख पुढे खड्ड्यात जाणार होती. खड्डा आधी पुन्हा उकरायचा होता.

"अंगठा नको," त्या म्हणाल्या. "कुदळ आण."

गुरुवारी साहेब आले तेव्हा आभाळ उघडलं होतं. सोबत आशाबाई होत्या आणि एक कारकून, हातात छापील तक्ता घेऊन. परसाच्या तोंडाशी हिरवी पाटी होती, आणि पाटीच्या मागे ते सगळं होतं. मोरीच्या पाण्याचा चर मोकळा झाला होता. कोपऱ्यातला खड्डा उघडा होता आणि त्यात सर्वांत वर कोबीची बेचाळीस रोपं कुजायला घातलेली स्पष्ट दिसत होती. सोमारी वाफ्यात उकिडवी बसून काम करत होती. कोणी आलं म्हणून ती उठली नाही, कारण तिला उठायला सांगितलेलं नव्हतं.

"हे तण कोणी वाढवलं?" साहेबांनी विचारलं.

"यातलं कोणतं?" इंदुताई म्हणाल्या.

"कोणतं म्हणजे? हे. सगळं."

"सगळं असं त्याचं नाव नाही. या पहिल्याचं सांगा."

साहेबांनी वाकून पाहिलं. ते प्रामाणिक होते. वेळ घेऊन पाहिलं. "मला काय माहीत? रानटी आहे काही तरी."

"हे दुसरं? ते लालसर देठाचं? त्या कडेचं, निळ्या फुलाचं?" त्यांचा आवाज वर्गातला होता, चढलेला नव्हता. "ज्याचं नाव आपल्याला येत नाही त्याला तण म्हणायचं, ही व्याख्या तुमच्या पुस्तिकेत आहे. मी तपासली. या जिल्ह्यातली माणसंही तिच्यात बसतात."

आशाबाईंनी डोळे मिटले. कारकुनाचं पेन तक्त्यावर अधांतरी राहिलं.

"बाई," साहेब सावकाश म्हणाले, "तुमच्याविषयी माझं मत चांगलं होतं. त्या मजुरीणीची चूक असेल तर तसं लिहून द्या. मी समजून घेईन."

इंदुताईंनी कागद पुढे केला. त्यावर तीन ओळी होत्या. 'सोमारी हिने माझ्या आज्ञेचं अक्षरशः पालन केलं. आज्ञेतील भाजी या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक होता, मला नव्हता. चूक माझी असून ती पुन्हा होणार नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. शेवटच्या ओळीत माफी असल्याचं त्यांना प्रथम वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना ती तिथे नसल्याचं दिसलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "याचा परिणाम तुम्हाला कळतो ना?"

"तेवढं मराठी मला येतं," इंदुताई म्हणाल्या.

कारकुनाने तक्त्यावर एक आडवी रेघ मारली. साहेब पाटीशी थांबले, ती सातव्या क्रमांकाची होती, आणि आता सहाच उरले हे मनात मांडल्यासारखे निघून गेले. आशाबाई मागे रेंगाळल्या. त्यांना काही तरी कठोर बोलायचं होतं. पण त्यांची नजर घोळीच्या वाफ्यावर गेली, आणि तिथे ती जरा जास्तच वेळ राहिली. "डाळीत घालत होती माझी आजी," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि साहेबांमागे घाईने चालू लागल्या.

खुर्ची गेली होती. ते इंदुताईंना छातीत कुठे तरी, दात काढल्यावर जीभ पोकळीत जावी तसं, पुनःपुन्हा जाणवत होतं, आणि पुढली पंधरा-वीस वर्षं जाणवत राहणार होतं. त्यात उदात्त असं काही नव्हतं. त्यांनी चपला काढल्या. पातळाचा काठ चिखलात जाईल तर जाऊ दे म्हणून त्या सोमारीशेजारी वाफ्यात उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले. बोटं काही क्षण नुसती पानांवर फिरली, अनोळखी घरात दिवा शोधावा तशी. मग एक देठ गार लागलं, आणि हाताला कळलं.

दोघी सरकत सरकत परसाच्या तोंडाशी आल्या. तिथे सोमारी थांबली. तिच्या समोर, जमिनीत हातभर रोवलेल्या खांबावर, ती हिरवी पाटी होती. तिने खांबाच्या बुडाशी खुरप्याचं टोक टेकवलं आणि मान वळवली.

"हे बी निंदू का बाई?"

इंदुताईंनी पाटीवरची अक्षरं शेवटची वाचली. मग चिखलाचा हात कपाळावरून फिरवत, आईच्या बाडीत सोडून आलेल्या आवाजात त्या म्हणाल्या,

"मले काऊन विचारून राह्यली वं? निंद."